देवाच्या एकरातली बेणणी

२०२० च्या एप्रिलमध्ये गवत कापायला कुणी आलंच नाही. हे सगळं सुरू झालं ते तिथून.

आम्ही राहतो इंग्लंडमध्ये, वेल्सच्या सीमेलगत, श्रॉपशायर परगण्यातल्या एका लहान गावात. मी शहरातल्या रुग्णालयात कर्करोग विभागात नर्स आहे. रात्रपाळी संपवून बसमधून उतरलं की घरी जायची जवळची वाट चर्चच्या आवारातून जाते. मधोमध जुनं दगडी चर्च, भोवती थडगी, कोपऱ्यात एक प्रचंड यू वृक्ष आणि सभोवार दगड रचून केलेला गडगा. दर पंधरा दिवसांनी ठेकेदाराची माणसं यंत्र फिरवून जायची. गवत बोटभरसुद्धा वर येत नसे. मला ते आवार नीटनेटकं वाटायचं, पण तिथे थांबून बघावं असं कधी वाटलं नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये यंत्र बंद पडलं. पाठोपाठ जुन्या थडग्यांमधून पिवळी काउस्लिप वर आली, एका दांड्यावर मान खाली घातलेल्या फुलांचा झुबका. मे महिन्यात सावलीच्या बाजूला पांढरी, नाजूक मेडो सॅक्सिफ्रेज फुलली. रुग्णालयातले ते दिवस कसे होते ते आता सांगत नाही. पण रोज सकाळी मास्क काढून मी तिथे दहा मिनिटं उभी राहायचे. एकदा चर्चची घंटा वाजवणारे म्हातारे गृहस्थ गडग्यापलीकडे दिसले. मी विचारलं, ही फुलं कुणी लावली? ते म्हणाले, “कुणी नाही. ती इथेच होती. त्यांना वर यायला मिळत नव्हतं.”

मग मी वाचायला लागले. १९३० च्या दशकापासून ब्रिटनमधली सुमारे ९७ टक्के फुलांची कुरणं नाहीशी झाली. काही नांगराखाली गेली, काहींवर खत पडून एकच एक जोमदार गवत माजलं. चर्चची आवारं वाचली, कारण पुरलेल्या माणसांवरून कुणी नांगर फिरवत नाही, खतही टाकत नाही. काही आवारांतली माती शेकडो वर्षं तशीच आहे. पूर्वी इथलं गवत वाळवून जनावरांना घालत, किंवा पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, मेंढरं आवारात चरत. १८३० साली ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे ती यंत्रं स्वस्त झाली आणि हिरवळ कायम बोटभर ठेवणं म्हणजेच मृतांचा मान राखणं, अशी समजूत पक्की झाली. या जागेला इंग्रजीत जुनं नाव आहे ‘गॉड्स एकर’. देवाचा एकर.

हे नाव ऐकलं आणि मला आमची देवरहाटी आठवली, देवाच्या नावाने राखलेलं रान. माझं माहेर कोकणातल्या संगमेश्वर तालुक्यातलं. ग्रामदेवतेच्या देवळामागे आमची रहाट आहे. तिथली काडी मोडायची नाही, पडलेलं लाकूडसुद्धा घरी आणायचं नाही. फारच गरज पडली तर गुरवाकरवी देवीला कौल लावायचा. कौल उजवा पडला तर हात लावायचा, नाहीतर नाही. असा नियम रक्तातच असल्यामुळे मी अगदी सरळ हिशोब केला: देवाचा एकर आहे ना, मग त्याला हात लावू नये.

माझा हिशोब चुकला. तो कसा चुकला हे सविस्तर सांगते, कारण चांगल्या मनाची माणसं हीच चूक सगळीकडे करताना दिसतात.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये ठेकेदाराने कंबरभर वाढलेलं गवत एकदा कापलं आणि जिथल्या तिथे सोडून दिलं. हिवाळाभर पाऊस. त्या गवताचा काळा, बुरसट थर जमिनीला चिकटून बसला. वसंतात त्यातून बाहेर आलं ते नेटल. खाजकुइलीसारखी आग होते हाताची, असं झुडूप. सोबत रुंद पानांचा डॉक आणि उंच राकट गवत. काउस्लिप निम्म्यावर आली. तरी मी चर्चच्या समितीला आग्रह करून सांगितलं की यंदा कापूच नका, निसर्ग आपलं बघून घेईल. पैसे वाचत होते, समिती हो म्हणाली. ऑगस्ट २०२१ पर्यंत मागच्या कोपऱ्यात काटेरी ब्रॅम्बल थडग्यांवरून पसरलं आणि ऐंशीच्या घरातल्या एका आजींना नवऱ्याच्या थडग्यापर्यंत पोचता येईना.

त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. काठी टेकून वाटेवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या माणसाला कुणी टाकून दिल्यासारखं दिसतंय ते.” मी त्याच दिवशी हातमोजे घालून तेवढं काटं काढलं. पण ते वाक्य मनातून निघालं नाही, अजूनही निघालेलं नाही.

त्या रात्री बाबांना फोन केला. आयुष्यभर शेती केलेला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगो, देवरहाटी म्हणजे रान. तुमचं ते कुरण आहे. कुरण कापलं नाही तर त्याचं रान होणारच. आपण वरच्या कातळी सड्यावरचं गवत दसऱ्यानंतर कापतो आणि भारे बांधून घरी आणतो. तिथेच कुजत ठेवलं असतं तर पुढच्या पावसात तुला सड्यावर एक फूल दिसलं नसतं. तुमच्याकडे बेणणी करतात की नाही?”

बेणणी! आंब्या-काजूच्या बुडाशी माजलेलं काढायचं, हवं ते ठेवायचं. लहानपणापासून ऐकलेला शब्द, पण चर्चच्या आवाराशी मी तो कधी जोडला नव्हता. रहाट राखायची तर हात आवरायचा असतो. कुरण राखायचं तर वेळेवर कापायचं असतं आणि कापलेलं उचलून न्यायचं असतं. उचलणं जास्त महत्त्वाचं. कुजलेलं गवत म्हणजे खतच, आणि खताने फक्त दांडगी गवतं पोसली जातात. रानफुलांना भुकेली जमीन लागते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये चर्चच्या समितीपुढे मला बोलायला बोलावलं. मी हिंदू, तेही परदेशातून आलेली. त्यांच्या पूर्वजांच्या थडग्यांबद्दल मी काय सांगणार, या विचाराने पोटात गोळा आला होता. मी देवरायांबद्दल सांगितलं. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी आमच्याकडच्या देवरायांचा अभ्यास केला, आजूबाजूचं जंगल गेलं तिथेही देवाच्या धाकाने राखलेले तुकडे कसे शिल्लक आहेत ते जगापुढे मांडलं, हे सांगितलं. मग माझी चूक सांगितली आणि आजींचं वाक्य सांगितलं. पाळकबाई शांतपणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “इथे येणारा प्रत्येक जण कुणाला तरी भेटायला येतो. आधी त्यांची सोय करू, मग फुलांची.” आमची सगळी आखणी या एका वाक्यावर उभी आहे.

आखणीसाठी ‘केअरिंग फॉर गॉड्स एकर’ या संस्थेची माहितीपत्रकं फार उपयोगी पडली. संस्था आमच्याच परगण्यातल्या क्रेव्हन आर्म्स या गावची आणि काम नेमकं हेच: इंग्लंड-वेल्समधल्या दफनभूमींचा निसर्ग आणि वारसा सांभाळणं. आम्ही आवाराचा नकाशा काढला आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसलो. येण्याजाण्याच्या वाटा, दारापुढची जागा आणि ज्या थडग्यांवर अजून कुणी फुलं ठेवतं त्यांच्या भोवतीचा एक हात, हे सगळं नेहमी आखूड. त्यासाठी घरोघर चिठ्ठ्या टाकून विचारलं. उरलेला जुना भाग कुरण. तिथे एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत पातं लागू द्यायचं नाही. गडग्याच्या कडेने एक पट्टा दोन वर्षांतून एकदाच कापायचा, किडा-मुंगीला हिवाळ्यात आसरा म्हणून. कुरणाच्या कडेला एक यंत्राची रुंदी सरळ रेषेत कापून ठेवायची, ही युक्ती मला फार आवडली. कड स्वच्छ असली की आतलं उंच गवत मुद्दाम राखलंय हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. तक्रारी या एका पट्ट्याने जेवढ्या कमी झाल्या तेवढ्या फलकानेही झाल्या नाहीत.

गवताबद्दल स्थानिक समिती ठरवू शकते. पण झाड तोडायचं किंवा थडग्याच्या दगडाला हात लावायचा, तर चर्चच्या वरच्या कचेरीतून रीतसर परवानगी आणावी लागते. कुणाला हे कटकटीचं वाटतं. मला तो कौलच वाटतो. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही ही शिस्त जुन्या जागांना तारते, मग विचारायचं गुरवाकरवी असो की अर्ज लिहून.

राकट गवताचा जोर मोडायला आम्ही यलो रॅटल पेरलं. ही वनस्पती अर्धी परजीवी आहे. स्वतःची हिरवी पानं असतात, पण मुळं शेजारच्या गवताच्या मुळांत घुसवून त्याचा रस ओढते. गवत खुरटलं की मधल्या फटींतून इतर फुलं वर येतात. माझे सासरे मंगळवेढ्याकडचे, ज्वारीवाले. त्यांना व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ते दचकलेच, “अगं, हा तर आमचा टारफुला!” त्यांचं खरंच आहे. ज्वारीच्या मुळावर बसून पीक वाळवणारा टारफुला आणि हे यलो रॅटल एकाच कुळातले. त्यांच्या शेतात जो वैरी, तो आमच्या कुरणात कामाचा गडी.

पेरायचं शरद ऋतूत, कारण बियाला हिवाळ्याची थंडी मिळाल्याशिवाय ते उगवत नाही. बी ताजंच हवं, ठेवलं तर वर्षभरात वाया जातं. गवत अगदी खाली कापून, लोखंडी दाताळ्याने शेवाळ खरवडून, निम्मी माती उघडी पडली की बी नुसतं टाकायचं आणि पायाने दाबायचं. बी आम्ही जवळच्याच एका जुन्या कुरणातून मालकाला विचारून आणलं. गावातल्या एका उत्साही गृहस्थांनी दुकानातून रंगीबेरंगी ‘रानफुलां’ची पाकिटं आणली होती, ती मी हात जोडून परत केली. इथे जे शेकडो वर्षं आपोआप टिकलंय त्यात कुठलं तरी पाकिटातलं मिसळणं मला पटत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये करवतीसारख्या कडांची इवली रोपं दिसली. जूनमध्ये पिवळी फुलं आली. आणि जूनच्याच तिसऱ्या आठवड्यात मी रात्रपाळीहून परतले तर अर्धं कुरण सपाट. ठेकेदाराकडचा नवा माणूस होता, नकाशा त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी तिथेच थडग्याच्या कट्ट्यावर बसले आणि रडले. यलो रॅटल एका वर्षाचं रोप. बी धरायच्या आत कापलं की संपलं, जमिनीत मागचं शिल्लक काही राहत नाही. त्या माणसाचा दोष नव्हता. त्याला सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही. त्यानंतर आम्ही तारखा आणि नकाशा ठेक्याच्या कागदातच घालून घेतले, आणि एप्रिलमध्ये खुंट्या ठोकून दोरी बांधतो. शरदात पुन्हा पेरलं.

जुलैअखेरची मोठी कापणी आता आम्ही हाताने करतो. हत्यार म्हणजे स्काइथ: माणसाच्या उंचीचा लाकडी दांडा आणि हातभर लांब वाकडं पातं. आपल्या विळ्यासारखं बसून ओढायचं नाही, उभ्याने कमरेतून वळत अर्धवर्तुळात फिरवायचं. एका दिवसाच्या शिबिरात शिकले. पातं जमिनीवरून उचलायचंच नाही, ते गवताच्या बुडाशी सरकत राहिलं पाहिजे. पहाटे दव असताना गवत सपासप कापलं जातं, उन्हं वर आली की ते पात्याखाली वाकतं आणि निसटतं. दर पाच-सात मिनिटांनी थांबून कमरेच्या डबीतल्या पाण्यात भिजलेला दगड पात्यावरून फिरवायचा. तो आवाज ऐकला की मला घरची कापणी आठवते. ग्रासकटरने काम लवकर होतं हे खरं. पण त्याची फिरती दोरी थडग्यांच्या मऊ वाळूच्या दगडावर आपटते, अक्षरांच्या कडा जातात आणि दगडफूल सोलून निघतं.

दगडफूल म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं, त्याचेच भाऊबंद. यासाठी आमच्या परगण्यातल्या एक वनस्पतीतज्ज्ञ बाई भिंग घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला अठराव्या शतकातल्या एका थडग्यापुढे गुडघ्यावर बसवलं आणि भिंग डोळ्याला लावून पुढे झुकायला सांगितलं. लांबून तो डागाळलेला दगड वाटायचा. भिंगातून बघितलं तर राखाडी कवचावर काळ्या कडांच्या चिमुकल्या वाट्या, शेजारी हळदीच्या रंगाचे गोल, मृताच्या नावातल्या एका अक्षराच्या खाचेत पिवळी भुकटी. एकाच दगडाच्या उत्तरेला वेगळी जात, दक्षिणेला वेगळी, पक्षी बसतात त्या माथ्यावर तिसरीच. ब्रिटनमधल्या दगडफुलांच्या सुमारे २,००० जातींपैकी ७०० हून जास्त चर्चच्या आवारांत सापडल्या आहेत. सपाट मुलखात दुसरीकडे उघडा खडकच नाही, थडगी हाच त्यांचा डोंगर. काही जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. म्हणून कुणी प्रेमाने ब्रश आणि ब्लीच घेऊन आजोबांचा दगड घासायला आलं, की मी भिंग त्यांच्या हातात देते. एकदा पाहिल्यावर कुणी घासत नाही, निदान माझ्यासमोर तरी अजून कुणी घासलेलं नाही.

कापलेलं गवत तीन-चार दिवस तिथेच पसरून ठेवतो, एकदा उलटतो, म्हणजे वाळता वाळता बी खाली झडतं. मग दाताळ्यांनी ओढून सगळं उचलायचं. हे काम सगळ्यात जड, आणि याला माणसं मिळणं सगळ्यात कठीण. पहिल्या वर्षी वाटलं होतं, वाळलेलं गवत शेजारच्या शेतकऱ्याला देऊ. तो आला, मूठभर उचलून चाळलं आणि मान हलवली. त्यात यूच्या बारीक काड्या होत्या. यूचं पान, साल, बी, सगळं विषारी. वाळली तरी विष जात नाही. मूठ-दोन मुठींनी गाय मरू शकते. मी रोज ज्या रुग्णांना डोसिटॅक्सेल लावते ते कर्करोगावरचं औषध याच झाडाच्या पानांपासून मिळणाऱ्या द्रव्यातून बनवतात, हे तेव्हा मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ झाडाकडे बघत राहिला. त्याच्या बहिणीला ते लागलं होतं.

तेव्हापासून गवताची उडवी आवारातच, उन्हाच्या कोपऱ्यात रचतो. आणि त्यामुळेच आम्हाला स्लो-वर्म मिळाले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी उडवीची कड जरा उचलली तर आत तांब्याच्या तारेसारखं काहीतरी चमकलं. मी सापच समजून मागे झाले. पण त्याने डोळे मिटले आणि उघडले. सापाला पापण्या नसतात. हा पाय नसलेला सरडा, आपल्या सापसुरळीसारखी चकचकीत कातडी. शेजारी तीन पिल्लं, सोनेरी, पाठीवर पेनने ओढल्यासारखी काळी रेघ. या माद्या अंडी घालत नाहीत, उन्हाळ्याच्या शेवटी जिवंत पिल्लंच देतात. कायद्याने त्यांना मारायला बंदी आहे, पण उडवीत काटा खुपसणाऱ्याला ते आत आहेत हे कळणार कसं? मी कड हलक्या हाताने परत ठेवली. तेव्हापासून नव्या गवताची वेगळी रास करतो, जुन्या राशीला हात लावत नाही.

ऑक्टोबरात आवार पुन्हा एकदा आखूड करतो, कारण तेव्हा वॅक्सकॅप येतात. मेणासारख्या टोपीच्या अळंब्या, लाल, नारिंगी, पिवळ्या, खत न पडलेल्या शेवाळी हिरवळीतच उगवणाऱ्या. खाण्यासाठी नाहीत. आमच्याकडे उत्तरेच्या बाजूला तीन रंगांच्या आल्या. पाळकबाईंनी रविवारच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना तिथे नेऊन दाखवल्या.

आणि आजी. त्यांच्या नवऱ्याच्या थडग्यापर्यंत आम्ही आता वाट कापून ठेवतो, भोवती एक हात मोकळं. पण गेल्या वर्षी मे महिन्यात मी दोरी बांधत होते तेव्हा त्यांनी मला हाक मारली. दगडाच्या पायथ्याशी, आखूड ठेवलेल्या भागात, एक काउस्लिप आली होती. त्या म्हणाल्या, “हिच्याभोवती यंत्र फिरवू नका. बी धरू दे.” मी एक खुंटी तिथे ठोकली. यंदा तिथे चार आहेत.

आता जुलैचा शेवटचा आठवडा आहे. यलो रॅटलच्या शेंगा तपकिरी, कागदी झाल्या आहेत. पाय लागला की आत बी खुळखुळतं. इथले जुने शेतकरी हा आवाज ऐकून गवत कापायला घेत. परवा पहाटे पाच वाजता आम्ही सहा जण स्काइथ घेऊन उतरलो, आठपर्यंत अर्धं कुरण खाली आलं. हवामान शुक्रवारपर्यंत कोरडं सांगताहेत. उद्या गवत उलटायचं, शनिवारी उचलायचं. दाताळी नऊ आहेत, माणसं अजून पाचच मिळालीत. संध्याकाळी परत फोन करते सगळ्यांना.